तांदळात ठेवलेले कान

आत्या, आता तुझ्याशी हळू बोलता येईल.

दोन वर्षं मी हीच सोय शोधत होते. तुला काही सांगायचं म्हणजे ओरडावं लागायचं, आणि ओरडलं की ते तुझ्याआधी शेजारच्या अंगणात पोचायचं. चिठ्ठी पाठवावी, तर तुला अक्षर येत नव्हतं. चिठ्ठी वाचून दाखवणार तुझा रामकिसन, म्हणजे माझा दादा, तोही ओरडूनच. आणि ज्याच्यापासून लपवायचं होतं तो दादाच. मग कुणाकडून सांगावं? कसं सांगावं? जे सांगायचं ते तोंडात धरून बसले, आणि तू गेलीस.

दादाचा फोन आला तेव्हा मी लॉजच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या करत होते. "माय गेली," म्हणाला. मी हातातली भाकरी पुरी थापली, तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, आणि मग विचारलं, "कवा?"

"सकाळी. दुपारी मातीले नेतो. तू कायले धावतं? येईपर्यंत दोन दिवस लागतीन तुले."

खरं होतं ते. कोकणातल्या ह्या किनाऱ्यावरून तेलुगू मुलखातल्या आपल्या वांकिडीकडच्या गावाला पोचायचं म्हणजे एसटी, मग रेल्वे, मग पुन्हा एसटी, मग जीप. मी पोचेपर्यंत तुझी राख गार झाली असती. मी तव्यासमोरून हललेच नाही. पाहुण्यांनी लॉज भरलं होतं. मागे भिंत, पुढे चूल, आणि खिडकीतून तोच समुद्र. त्या समुद्राकडे मी दोन वर्षं नीट पाहिलेलं नाही.

तू मला वाढवलंस हे मी इथे लिहिणार नाही, सगळ्यांना माहीत आहे. पण तुझे कान कसे गेले ते लिहिते, कारण ते माझ्यापायी गेले. आई गेल्यावर मला तुझ्या घरी आणलं, आणि त्याच वर्षी तू जिनिंगवर जायला लागलीस. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या त्या मशिनींसमोर दिवसभर उभी राहायचीस. संध्याकाळी घरी यायचीस तेव्हा केसांत, भुवयांवर रुई असायची, आणि तू आमच्याशी ओरडून बोलायचीस. आम्हाला वाटायचं रागावलीस. हळूहळू कळलं, तुला स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही.

आपलं एक भांडण राहिलंच आहे. गावात सातवीपर्यंत मराठी शाळा होती. आठवीला तेलुगू शाळेत घातलंस. तीन महिने मी पहिल्या बाकावर बसले. सर बोलायचे, पोरी हसायच्या, मला कशातलं काही कळायचं नाही. एक दिवस दप्तर आणून खुंटीला लावलं ते लावलंच. तू खवळलीस. "तुले तर कान हायेत वं पोरी! कान असून काऊन आयकू येत नाई तुले?" मी म्हणाले, "तिथं बसलं का मी बहिरी होते, आत्या." तू माझ्या तोंडाकडे बघत राहिलीस. तुला वाटलं मी तुला टोमणा मारला. नव्हता गं मारला. पण ते तुला समजावून सांगायचं राहिलं, आणि शाळाही राहिली.

मग लग्न झालं, ह्यांना इकडे आंब्याच्या बागेत राखणीचं काम मिळालं, आणि मला लॉजवर. त्याच सुमाराला आदिलाबादला शिबिर भरलं आणि तुला दोन कानांच्या दोन मशीन मिळाल्या. कानामागे बसणाऱ्या, वालाच्या दाण्यासारख्या वाकड्या, वर बारीक नळी. तुझा पहिला फोन आठवतो. "नंदे, तुह्या मागं कोंबडा आरडून राह्यला का?" आरडत होता. मी रडले आणि तू म्हणालीस, "आता नाक नको ओढू, तेबी आयकू येते."

तू निघालीस ती समुद्र बघायला नाही, समुद्राची ओटी भरायला. मी इकडे आले तेव्हाच तू बोलली होतीस म्हणे, की माझी पोरगी त्याच्या काठावर सुखरूप राहिली तर त्याची ओटी भरीन. आपल्याकडे गंगेला भरतात तशी. आतोबा बैलांपाशी राहिले आणि दादा तुला घेऊन आला. आपल्या तिकडे नवं राज्य झालं त्याच्या दुसऱ्या वर्षीचा माघ महिना होता.

तू यायच्या आधीच मला धास्ती बसली होती. तुझी नाही, तुझ्या मशीनींची. इथली हवा मी ओळखते. महिन्याभरात सुरीला गंज चढतो, डब्यातलं मीठ पाझरतं. शिबिरातल्या माणसानं तुला सांगितलं होतं, पाणी, घाम, धूळ, तेल, ह्या चारांपासून जपा. आणि इथे समुद्रावर तर चारही एका ठिकाणी. मी तुझ्या केसांना त्या दिवशी तेल लावू दिलं नाही. दोन्ही मशीनींना दोरा बांधून तो मागून पोलक्याला सेफ्टी पिननं अडकवला. वरून रुमाल बांधला. तू म्हणालीस, "गाईले बी इतकं दावं नसते वं."

आणि पाण्यात जाताना काढून कशात ठेवायच्या? लॉजवर एका पाहुण्याचा मोबाईल भिजला होता, तो त्यांनी तांदळात पुरला होता. तांदूळ ओल ओढून घेतो. मी तुला विचारलं, एखादी फडक्याची पिशवी आहे का? तुझ्याकडे असणारच. बियाणं ठेवायला तू पांढऱ्या धोतराच्या गठुळ्या शिवायचीस, सगळ्या एका मापाच्या. एकीत घरून ओटीचे तांदूळ आणले होतेस, हळकुंड आणि सुपारी घालून. दुसरी रिकामी होती ती मला दिलीस. मी तिच्यात कोरडे तांदूळ भरले.

सकाळी गेलो. दादाला सांगितलं, चहाची टपरी बघून ये. तू वाळूवर उभी राहिलीस आणि समुद्राकडे तोंड करून ऐकायला लागलीस. मग जोरात हसलीस.

"नंदे, हे तं जिनिंग हाय! जिनिंगच चालू हाय! आन हे पाय, रुई बी पडून राह्यली."

फेसाकडे बोट दाखवत होतीस. मी म्हणाले, "आत्या, काढ आता मशीन, खारा वारा लागून राह्यला."

"थांब ना, आयकू दे."

"खराब होतील."

"आयकू दे वं थोडंसं. इतके वर्ष त्या आवाजानं कान खाल्ले, आज पयल्यांदा चांगला वाटून राह्यला."

मी ऐकू दिलं नाही, आत्या. चार वेळा टोकलं. पाचव्यांदा स्वतःच हात घालून रुमाल सोडला, पिन काढली, एकेक मशीन कानामागून उचलली. हातात आल्यावर ती शिट्टी मारते तशी मारली. बॅटरीचं झाकण उघडलं, तांदळात खोल दाबली, गठुळीला गाठ मारली आणि पिशवीत ठेवली. मला इतकं बरं वाटलं! वाटलं, चला, जपलं.

त्या पिशवीत आता दोन पांढऱ्या गठुळ्या होत्या.

तू तीन डुबक्या मारल्यास, गोदावरीत मारतात तशा, नाक धरून. लाटेनं तुला एकदा बसवलंसुद्धा. ओलेत्यानंच काठावर आलीस, खण पसरलास, नारळ ठेवलास, हळदकुंकू वाहिलंस. वारा असा की खण उडत होता. तू ओरडून म्हणालीस, "तांदूळ मोकळे नको करू, एक दाना राह्यचा नाई! गठुळी तशीच ठेव!" मी पिशवीत हात घातला, गठुळी काढली, नारळाशेजारी ठेवली, खणाची टोकं आवळून बांधली आणि तुझ्या हातात दिली. माझ्याच हातानं. घाई करत होते मी, अर्ध्या दिवसाचीच सुटी होती आणि दुपारच्या भाकऱ्या माझ्यावर होत्या.

तू कमरेइतक्या पाण्यात गेलीस, दोन्ही हातांनी ओटी धरून काहीतरी पुटपुटलीस आणि सोडलीस. लाट आली तशी घेऊन गेली. तू तिथेच जरा वेळ उभी होतीस, रिकामे हात तसेच पुढे धरून. मला वाटलं नमस्कार करतेयस.

बाहेर आलीस, डोकं पुसलंस, आणि कानाकडे बोट केलंस. "आन." मी गठुळी काढली. गाठ सुटेना, दातानं ओढली. आत तांदूळ, पिवळं हळकुंड आणि सुपारी.

त्या क्षणाचं काय लिहू? माझ्या पायाखालची वाळू लाटेसोबत जात होती, ती खरोखरच जात होती, आणि मी उभी होते. तेवढ्यात दादा चहा घेऊन आला. "मायले मशीन घाल ना, मी मगापासून आरडून राह्यलो." दादाचा राग मी लहानपणापासून ओळखते. तो हात उचलत नाही, पण बोलतो ते जन्मभर पुरतं. आणि मी आयुष्यात पहिल्यांदा तुझी एक वस्तू सांभाळायला घेतली होती.

मी तुझ्या कमरेकडे बोट दाखवलं. "तुले देल्या होत्या न आत्या? तू कमरेले खोसल्या, मग गेली पाण्यात."

तू माझ्या तोंडाकडे पाहिलंस. मग माझ्या हाताकडे. मी गठुळी पदराआड केली. आणि तू कपाळावर हात मारून घेतलास.

"हो रे रामकिसन! इनं देल्या व्हत्या मले. म्या कमरेले खोसल्या आन तशीच गेली पाण्यात. बुढीले काई ध्यान राह्यते का?"

मला वाटलं, तू माझ्यावर इतका विश्वास ठेवतेस की स्वतःच्या आठवणीपेक्षा माझं बोट तुला खरं वाटलं. मला सुटल्यासारखं झालं. ते सुटणं नव्हतं, दाराची कडी बाहेरून लागली होती, हे मागाहून कळलं.

मग आपण शोधत बसलो. दादा पाण्यात, तू आणि मी वाळूत. मी लॉजवरून पिठाची चाळणी आणली आणि वाळू चाळायला लागले. कशासाठी चाळत होते मी? मला माहीत होतं त्या तिथे नाहीत. शिंपल्या निघाल्या, बाटलीचं झाकण निघालं, कुणाची तरी पिन निघाली. तू माझ्याशेजारी उकिडवी बसून बोटांनी वाळू उकरत होतीस. एका पाहुण्या बाईनं विचारलं, "काय हरवलं, आजी?" तिचे हातवारे बघून तू सांगितलंस, "कान." ती हसली, तूही हसलीस. मी चाळणी हलवत राहिले. दादा पाण्यातून ओरडत होता, "शंभर खेपा सांगतलं हिले! शंभर खेपा!" आणि तुला ते ऐकू येत नव्हतं, सगळं मलाच ऐकू येत होतं.

गावात गोष्ट तुझ्याआधी पोचली. वांकिडीच्या बाजारात बाया विचारायच्या, "काय वं आत्याबाई, समुद्रात कान टाकून आली म्हने?" तू म्हणायचीस, "हो नं बाई. आता तुमच्या चुगल्या समुद्र आयकून राह्यला." हे वहिनीनं मला फोनवर हसत सांगितलं. मीही हसले. दुसरं काय करणार होते?

मला वाटलं होतं, नव्या मशीन मिळतील आणि मग मी तुझ्या कानात हळूच खरं सांगेन. दरख्वास्त दिली होती. पण त्याच दसऱ्याला जिल्ह्याचे तुकडे झाले. आपला मंडळ, म्हणजे इकडचा तालुका, आदिलाबादातून निघून नव्या जिल्ह्यात गेला. तुझं कार्ड जुन्या जिल्ह्याचं, तू नव्या जिल्ह्याची, आणि मिसल, तुझ्या कागदांची फाईल, दोहोंच्या मधे कुठेतरी वाटेवर. माणसं आपल्या जागी बसली होती, गावं बसल्या जागी हलली होती. दादा तुला घेऊन जायचा, खिडकीतून "रेपु" म्हणायचे, उद्या. तू दादाला म्हणालीस म्हणे, "मले तेलगू आयकाची गरज नाई. त्याच्या तोंडाचा चंबू झाला का समजते, उद्या." सगळ्या दफ्तरात हशा झाला. पण तुझा उद्या आला नाही.

आणि मग तुझे फोन. वहिनी लावून द्यायची, तू बोलायचीस, प्रश्न तूच विचारायचीस आणि उत्तर तूच द्यायचीस. "नंदे, जेवली? जेवली असशीन. तब्येत बरी? बरीच राह्यते तुही. आंबे लागले? लागले असतीन. घे वं कविता, फोन." मी इकडे दर वेळी म्हणायचे, आत्या, मी दिली होती गं ती गठुळी. तुझ्या बोलण्याच्या मधे, हळूच. कितीदा म्हणाले असेन! ज्याला ऐकू येत नाही हे आपल्याला ठाऊक आहे, त्याला खरं सांगायला धीर लागत नाही. तेवढाच धीर माझ्यात होता.

ती ओटीची गठुळी माझ्याकडेच राहिली. देवाला बोललेले तांदूळ, रांधता येत नव्हते. समुद्रात टाकायला गेले दोनदा, पण मग तुझी ओटी चोरून भरल्यासारखी झाली असती. फेकणं तर शक्यच नव्हतं. डब्यांच्या मागे ठेवली. डबा काढला की दिसायची.

तीन आठवड्यांपूर्वी तुझा फोन आला. कापूस घेऊन दादा चंद्रपूरला गेला होता. आता कळतं, तू ती वेळ पाहिली होतीस. तुलाही तुझा आवाज किती मोठा होतो ते कळायचं नाही, म्हणजे गुपित तुलासुद्धा ठेवता येत नव्हतं.

"नंदे, मी बोलून राह्यली. जेवली? बरं. ती गठुळी अजून असंन तुह्यापाशी. तुले काई फेकता येत नाई, मले ठाव हाय. अवं, पाण्यात सोडली तवाच खणातून हाताले समजलं व्हतं, गाठ माही नाई म्हून. बियान्याची गाठ तुले कवा जमली? पन तवर लाट घेऊन गेली. आन रामकिसन समोर उभा. त्यानं तुले त्या वाळूतच गाडली असती. जाऊ दे. ते तांदूळ रांधून खा. वटी पोचली समुद्राले, नुसते तांदूळ पोचले का आनखीन काई, त्याले काय कराचं? जुना तांदूळ हाय, चांगला फुगते. घे वं कविता, फोन."

"आत्या! आत्या!" मी अशी ओरडले की लॉजचा पोऱ्या पळत आला. पण फोनवर वहिनी होती. तिनं ऐकलं होतं सगळं. मग म्हणाली, "त्या गेल्या गोठ्याकडं. काय सांगू त्यायले?"

काय सांगणार, आत्या? दोन वर्षांचं, तुझ्या अंगणात, वहिनीच्या तोंडून, ओरडून? मी म्हणाले, "सांगा, जेवली म्हना."

मला तुझा राग आलाय. तू माझ्या शेजारी बसून, माहीत असून, ती वाळू उकरलीस. मी चाळत होते ते बघत होतीस. बाजारात हसं करून घेतलंस, दादाचं बोलणं सोसलंस, दफ्तरांच्या पायऱ्या चढलीस, आणि मला अडकू दिलंस. त्याच दिवशी एक चापट मारली असतीस तर दोन वर्षं सुटली असती मी. की तुलाही तोंड उघडायला जागा मिळाली नाही? हे आता कुणाला विचारू? हे आपलं दुसरं भांडण, तेही राहिलं.

आज तुझी तेरवी. तिकडे दादानं पंगत घातली असेल. इकडे मी दुपारच्या भाकऱ्या उरकल्या, ह्यांना बागेतून बोलावलं आणि गठुळी काढली. गाठ मी त्या दिवशी दातानं ओढून सोडली होती, मग साधीच मारली होती. तांदळात सोंडे झाले होते. परातीत घेऊन निवडले, हळकुंड आणि सुपारी बाजूला काढली, तीन पाणी धुतले. चुलीवर ठेवून झाकणाकडे बघत बसले. खिडकीतून आवाज येत होता, आणि मी आज पहिल्यांदा उठून खिडकी लावली नाही. तुझंच बरोबर होतं, जिनिंगच चालू असते तिथे.

झाकण वर उचललं गेलं, आत्या. फुगला.

ह्यांना वाढलं, मग मी ताट घेतलं. त्या दिवशी वहिनीपाशी दिलेला 'जेवली' हा निरोप खोटा होता, तेव्हा माझ्या पोटात काही नव्हतं. आज जेवले.